बोटं मोजून घ्या

खोली दाखवण्याआधी बाईंनी हात दाखवायला सांगितले. मी दोन्ही पुढे केले. बाजारात भेंडी निवडावी तसं त्यांनी एकेक बोट न्याहाळलं, हात उलटे करायला लावले आणि मनगटावरच्या घड्याळावर नजर थांबवली.

“हे निघते का?”

मी काढून दाखवलं.

“आंगठी, गंडा, दोरा?”

“काही नाही.”

“बाह्या वर कर.”

बाह्या कोपरापर्यंत दुमडल्यावर त्यांनी कुलूप उघडलं. सिंदी मेघेतल्या त्या घराच्या पुढच्या दोन खोल्या मला अशा मिळाल्या. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून वर्ध्याला नुकताच रुजू झालो होतो. लग्न, जात, जेवणखाण, रात्री परतण्याची वेळ यांपैकी काहीही बाईंनी विचारलं नाही. अट एकच होती: भाडेकरूने स्वतःची खुंटी स्वतः करायची.

म्हणजे काय, ते पुढच्या रविवारी कळलं.

बाई मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं. निवृत्तीनंतर त्यांच्या बरोबरीच्या शिक्षिका काशीला गेल्या, बाई हिंगणघाटला गेल्या. तिथल्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याची जुनी लेथ त्यांनी विकत घेतली, ट्रकवर घालून आणली आणि परसातल्या गोठ्यात सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवली. त्या जागी आधी म्हैस असे. आळीत अनेक वर्षं एकच विनोद चालला: बाईंनी नवी म्हैस बांधली, ती तेल पिते आणि लोखंड चघळते.

लाकडाचा किंवा धातूचा तुकडा चकाच्या, म्हणजे तो धरून फिरणाऱ्या चाकाच्या, जबड्यात आवळायचा, मोटारीवर गरगर फिरवायचा आणि धारदार टूल लावून त्याला आकार द्यायचा, एवढंच लेथचं काम. निवृत्त शिक्षिकेला ते कशासाठी हवं होतं, हे मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. प्रश्न विचारणं हा माझा धंदा होता.

“सारी उमर फळ्यावर वर्तुळं काढली,” बाई म्हणाल्या. “एक बी गोल नव्हतं. पोरींले सांगे, हे गोल हाय असं समजा. समजा, समजा म्हनता म्हनता रिटायर झाली. मंग म्हटलं, मरायच्या आधी एक तरी खरं गोल पाहून घ्यावं.”

“मग? पाहिलं?”

“अजून नाई. जवळ आली.”

शाळेत त्या पुस्तकी मराठी बोलत, असं त्यांच्या विद्यार्थिनी सांगतात. गोठ्यात मात्र वऱ्हाडीखेरीज दुसरी भाषा मी ऐकली नाही. गोलाईचं वेड गोठ्यापुरतं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत त्यांनी एकदा लाडू दोन बोटांत धरून फिरवला आणि वाढप्याला म्हटलं, “एका बाजूनं कमी हाय.” वाढप्याने तत्परतेने आणखी एक वाढला. त्यांनी तोही फिरवून पाहिला.

गोठ्यातला पहिला पाठ मशीन बंद ठेवूनच होई. चक आवळायला एक लोखंडी चावी असते. ती चकात विसरून कोणी बटण दाबलं तर ती गोळीसारखी सुटते आणि समोर जे असेल त्यावर बसते. म्हणून बाईंनी बटणाशेजारी खिळा ठोकला होता. चावी त्या खिळ्यावर टांगायची, तिच्यावर तळहात ठेवायचा आणि मोठ्याने म्हणायचं, “चावी जागेवर.” त्यानंतरच बटण. पुटपुटलं तर चालत नसे.

“मले नाई सांगत तू,” त्या म्हणत, “तुह्या हाताले सांगून राह्यला. हात बहिरा असते.”

दुसरा नियम: बटण दाबण्याआधी चक हाताने एक पूर्ण फेरा फिरवायचा, म्हणजे काही कशाला अडत असेल तर हाताला कळतं, मोटारीला कळायच्या आत. हा नियम बाई सगळ्या जगाला लावत. माझ्यासाठी एक स्थळ आलं तेव्हा त्यांनी सल्ला दिला, “हो म्हनाच्या आधी एक फेरा हातानं फिरवून पाय.” मी त्या घरी एकदा निवांत जेवून आलो. अडलं. ते स्थळ पुढे गेलं नाही, आणि त्यात दोन्ही घरांचं भलं झालं.

तिसरा नियम टूलच्या टोकाचा. ते फिरणाऱ्या तुकड्याच्या बरोबर मध्यावर हवं. वर गेलं तर घासतं, खाली गेलं तर खणतं. शिवाय टूल पकडीबाहेर जेमतेम डोकावावं. नवशिक्या ते लांब काढतो, कारण लांबून त्याला सुरक्षित वाटतं. लांब टूल थरथरतं आणि कामावर लाटा उठतात. “भेनारा मानूस लांबून काम करते,” बाई म्हणत, “आन् लांबूनच बिघडवते.”

मोजमाप मशीन थांबल्यावरच. कापताना निघणारा कीस ब्रशने झाडायचा, हाताने नाही, फडक्याने तर नाहीच. हातमोजे वर्ज्य. चष्मा घातल्याशिवाय प्रवेश नाही. ज्यांचे डोळे चांगले त्यांच्यासाठी साध्या काचेचे चष्मे दाराशी टांगलेले असत. मशीन चालू असताना बोलणं बंद, कारण धातू कसा कापला जातोय हे कानाला आधी कळतं. आणि सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य: “कट बारीक घे. लोखंड पळून नाई जात.”

यातला प्रत्येक नियम त्यांनी स्वतः चुकून मिळवलेला होता. कारखान्याच्या जुन्या मिस्त्रीने सुरुवातीला काही दिवस शिकवलं, पुढचं त्या एकट्या शिकल्या. डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगून वाढलेलं होतं. सुरुवातीच्या दिवसांत फिरत्या तुकड्यावरची लोखंडाची वेटोळी त्या पदराने झटकायला गेल्या होत्या. त्यानंतर गोठ्यात त्या नऊवारीवर पूर्ण बाहीचा नव्हे, अर्ध्या बाहीचा खाकी सदरा घालत, कमरेशी पट्ट्याने आवळून. पदर आत बंद.

आता खुंटीचं. गोठ्याच्या भिंतीवर लाकडी खुंट्यांची रांग होती. शिकायला येणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे सागाच्या तुकड्यातून आपली खुंटी काढणं. पुढे दर रविवारी आल्या आल्या घड्याळ, अंगठी, राखी, गळ्यातली साखळी, जे काही अंगावर लोंबत किंवा वेढून असेल ते आपल्या खुंटीवर टांगायचं. माझ्या खुंटीचा दांडा मध्ये जाड आणि टोकांना बारीक झाला. बाईंनी ती भिंतीत ठोकली आणि म्हणाल्या, “मुंगसावानी झाली. घड्याळ पेलीन.”

या नियमाला अपवाद नव्हता. शहरातले एक वकील हौसेने शिकायला आले. त्यांच्या बोटात ज्योतिषाने सांगितलेला पुष्कराज होता आणि तो काढायची सोय नव्हती. बाईंनी त्यांना चहा दिला आणि दारापर्यंत पोचवलं. “तुमी तुमचे ग्रह सांभाळा, वकीलसाहेब. माही मशीन मी सांभाळीन.”

काम संपलं, मुख्य बटण बंद झालं की बाई स्टुलावर बसत आणि म्हणत, “बोटं मोजून घ्या.” प्रत्येकाने आपली बोटं मोठ्याने मोजायची. शाळेत हजेरी घ्यावी तशी त्या ती ऐकत. “दहा” ऐकू आल्याशिवाय चुलीवर चहाचं आधण चढत नसे.

मी चांगला विद्यार्थी नव्हतो. खुंट्या, दारांच्या मुठी, एक वाकडं लाटणं, यापलीकडे माझी मजल गेली नाही. बाईंची खरी विद्यार्थिनी सुमन. ती मागच्या घरातली सून. तिच्या नवऱ्याचं मोटारी आणि पंप दुरुस्त करण्याचं दुकान होतं. पंपाचा दांडा ज्या पितळी कड्यात फिरतो ते कडं, म्हणजे बुश, झिजलं की त्याला नागपूर गाठावं लागे. लेथ शिकायला आधी तोच आला होता. चालू मशीनसमोर बिडी पेटवल्याबद्दल बाईंनी त्याला पहिल्याच दिवशी घालवलं आणि म्हटलं, “बायकोले पाठव.” त्याने गमतीत पाठवलं. वर्षभरात सुमन बुश करू लागली.

सुमनच्या हातात जे होतं ते बाईंनी इतर कोणात पाहिलं नव्हतं. ती टूल लावताना श्वास धरत नसे. कट बारीक घ्यायला तिला सांगावं लागलं नाही. तिने पहिला बुश पूर्ण केला तेव्हा बाईंनी तो दोन बोटांत फिरवला, पुन्हा फिरवला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. दुसरा बुश दुकानात गेला. पहिला मी पुन्हा पाहिला तो अनेक वर्षांनी.

त्याच सुमारास बाईंना काचबिंदू असल्याचं निदान झालं. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती सांभाळा, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाई घरी आल्या, आपला खाकी सदरा धुतला, वाळवला आणि घडी करून ट्रंकेत ठेवला. “ज्याले दिसत नाई त्यानं हात लावाचा नाई,” हाही त्यांचाच नियम होता. त्यानंतर त्यांनी मशीनला हात लावला नाही. स्टूल चौथऱ्याजवळ ओढून त्या कानाने देखरेख करू लागल्या. लेथ आता सुमनच्या हातावर चालणार होती, नाहीतर तिथे पुन्हा म्हैस बांधावी लागली असती.

संक्रांतीचा दिवस. अल्लीपूरहून एक शेतकरी बैलगाडीत पंप घालून आला होता. बुश पार झिजला होता, गहू निसवायला आला होता, त्याला पाणी हवं होतं आणि सणामुळे बाजार बंद. सुमनच्या नवऱ्याने पंप उघडून ठेवला आणि सुमनला बाईंकडे पाठवलं. या वेळी तिच्यासोबत तिची सासू आली. गिरजाबाई गोठ्यात कधी आल्या नव्हत्या. सुनेने आदल्याच दिवशी दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या भरल्या होत्या आणि सणाच्या दिवशी सून एकटी कुठे जाते ते त्यांना पाहायचं होतं.

बाईंनी मलाही हाक मारली होती. मी माझं घड्याळ खुंटीवर टांगलं. सुमन तिच्या खुंटीपाशी नुसती उभी राहिली.

“हे काय व?” गिरजाबाईंनी विचारलं.

“खुंटी हाय, मामीजी. माही,” सुमन सासूला म्हणाली.

“काहाची?”

बाई स्टुलावरून म्हणाल्या, “बांगड्याची आन् मंगळसूत्राची. मशीनवर जायच्या आधी उतरवून ठेवते ते.”

“सवाष्ण बाई? उतरवून ठेवते?”

“दर आयतवारी. म्हून हात शाबूत हायेत तिचे.”

“माह्या पोराच्या जिवाची काई कदर हाय का नाई तुमाले?”

“तुमच्या पोराच्या जिवाले धोका बिडीचा हाय, गिरजाबाई. बांगडीचा हिच्या हाताले हाय.”

गिरजाबाईंचा आवाज चढला. “तुमचं काय जाते म्हना मास्तरीणबाई! तुमच्या हातात कधी भरल्याच नाईत.”

बाईंनी दुभंगलेल्या नखावरून बोट फिरवलं. “खरं हाय,” त्या म्हणाल्या. “नाईच भरल्या.”

सुमन म्हणाली, “बाई, वरून पट्टी आवळून बांधते. आज सण हाय. एक डाव.”

“मशीनीले सण माईत नाई, पोरी.”

त्या क्षणी प्रश्न एका बुशचा राहिला नव्हता. गिरजाबाई सुनेच्या हाताला धरून निघाल्या असत्या तर सुमन त्या गोठ्यात परत आली नसती, हे तिथे असलेल्या सगळ्यांना कळत होतं. बाईंना नियम मोडता आला असता. त्यांनी मोडला नाही. त्यांनी मला चकात एक लाकडी दांडा आवळायला सांगितलं आणि जुन्या लुगड्याची पट्टी लांब काठीच्या टोकाला अडकवायला लावली.

“चावी जागेवर,” मी म्हणालो आणि बटण दाबलं. पट्टीचं लोंबतं टोक दांड्याला जेमतेम लागलं. ती गेली. गेली एवढंच सांगता येतं. ती जाताना दिसली नाही. काठी माझ्या हातातून हिसकली गेली आणि भिंतीवर आपटली. मशीन थांबवलं तेव्हा कापड दांड्यावर इतकं घट्ट वळलेलं होतं की ते सालीसारखं दिसत होतं.

गिरजाबाई पुढे आल्या. त्यांनी ते कापड नखाने सोडवून पाहिलं. सुटलं नाही. मग दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. मग त्या सुमनच्या मनगटांकडे पाहत राहिल्या.

“लाकडावर नाई टांगू देनार,” त्या अखेर म्हणाल्या. “सवाष्णीचा जिन्नस लाकडावर नाई राह्यत.” त्या चौथऱ्यापासून दूर भिंतीशी बसल्या आणि त्यांनी आपला उजवा हात पुढे केला. “आन. माह्या हातात घाल.”

गिरजाबाईंचं मनगट उघडं होतं. सुमनचा नवरा रांगत होता तेव्हापासून त्यात काही चढलं नव्हतं.

“मामीजी, तुमच्या हातात?”

“काऊन? माह्या हाताले काटे हायेत?”

बांगड्या नव्या आणि अंगासरशा होत्या. बाईंनी चाचपत मशीनच्या तेलाची बुधली पुढे केली. सुमनने मनगटाला तेल चोळलं आणि एकेक बांगडी हळूहळू उतरवली. सासूचे हात वाळलेले होते, त्यात त्या सहज गेल्या. एकही वाढवावी लागली नाही, फुटलीही नाही. मंगळसूत्र गिरजाबाईंनी गळ्यात घातलं नाही, मुठीत धरलं.

सुमनने चक हाताने एक फेरा फिरवला. चावीवर तळहात ठेवून मोठ्याने बोलली. पितळेचा तुकडा फिरू लागला. आधी तुकड्याचं तोंड साफ केलं, मग मधून भोक पाडलं, मग आतून बारीक बारीक कट. गिरजाबाई मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या, जरा हलल्या नाहीत. पण मशीनची थरथर जमिनीतून भिंतीपर्यंत पोचत होती आणि त्यांच्या हातात अतिशय बारीक किणकिण सुरू झाली.

बाईंनी मान वर केली. “थांबव!”

सुमनने बटण बंद केलं.

“काय वाजून राह्यलं ते?”

“बांगड्या, बाई.”

“कोनाच्या?” बाईंचा आवाज कडक होता. सुमनने परत चढवल्या, असं त्यांना वाटलं असावं.

“माह्या,” गिरजाबाई म्हणाल्या.

बाईंनी त्या दिशेने तोंड वळवलं. मग म्हणाल्या, “मंग वाजू द्या. सुमन, चालू कर.”

काम संपल्यावर बोटं मोजली गेली. सुमनची दहा, माझी दहा. “तुमची, गिरजाबाई?” बाईंनी विचारलं. गिरजाबाईंनी आधी बोटं मोजली, मग बांगड्या मोजल्या आणि मान डोलावली. “पुऱ्या हायेत.” त्यांनी स्वतःच्या हाताने त्या सुनेला परत भरल्या, मंगळसूत्र घातलं, कुंकू नीट केलं. बाईंनी चहा टाकला. बुश पंपात बसला आणि दिवस मावळायच्या आत गाडी अल्लीपूरच्या वाटेला लागली.

त्यानंतर गिरजाबाई दर रविवारी येऊ लागल्या. येताना हात उघडे, बसताना भरलेले, जाताना पुन्हा उघडे. आळीत कुजबुज झाली. विहिरीवर कोणी तरी तोंडावर विचारलं, तेव्हा त्यांनी उत्तर दिलं, “सुनेचा जिन्नस सांभाळून राह्यली. तुमाले काऊन त्रास?” बाईंनी भिंतीशी एक पाट ठेवून दिला.

मी या हकिकतीची बातमी केली नाही. त्यात बातमी कोणती, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही, आणि चुकीचं ठरवण्यापेक्षा ते बरं झालं. पण पानं छपाईला सोडण्याआधी मथळा, नावं आणि तारीख एकदा बोट ठेवून मोठ्याने वाचायची सवय मला त्याच गोठ्याने लावली. दुसऱ्याच्या मजकुरावर कात्री चालवताना मी कट बारीक घेतला. माझ्या हातून कोणाची नाहक बदनामी छापली गेली नाही, याचं श्रेय पत्रकारितेतल्या कोणा गुरूला देता येत नाही. ते एका गणिताच्या बाईंना आणि एका जुन्या चावीला द्यावं लागतं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर माझी नागपूरला बदली झाली. निघायच्या सकाळी बाई ओसरीत बाजेवर बसल्या होत्या. त्यांची नजर पूर्ण गेली होती. गोठ्यातून मशीनचा आवाज येत होता. सुमन आता आळीतल्या दोघीतिघींना शिकवत होती. मध्येच किणकिण ऐकू आली. बाई हसल्या. “गिरजाबाई डुलकी घेऊन राह्यल्या. हात हालला.”

त्यांच्या बोटांत एक पितळी बुश फिरत होता, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. सुमनचा पहिला. मी विचारलं, “गोल आहे का?”

“नाई,” त्या म्हणाल्या. “पन सुमन माह्याहून जवळ गेली.”

मी माझी खुंटी सोबत नेऊ का, असं विचारलं. बाईंनी मान हलवली. “राहू दे तिले. येजो, तवा लागन.” मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले. “हात दाखव.”

मी दाखवले. घड्याळ मी ओसरीत येतानाच काढून खिशात टाकलं होतं, सवयीने. त्यांनी मनगट चाचपलं, ते मोकळं असल्याची खात्री केली आणि मग करंगळीपासून एकेक बोट चिमटीत धरून मोजायला सुरुवात केली. ओठ हलत होते. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याशी त्या थांबल्या, तो क्षणभर दाबून धरला आणि सोडला.

“पुरे हायेत,” बाई म्हणाल्या. “जा आता.”